चालुक्य गेले, यादव आले: लागोपाठच्या दोन राजघराण्यांची तुलना करायची कशी

"चालुक्य आणि यादव यांच्या राज्यकारभाराची तुलना करा" हा प्रश्न दिसला की आपल्याकडची पोरं पहिलं काय करतात, तर पट्टी घेऊन वहीच्या पानावर मधोमध रेघ मारतात. डावीकडे चालुक्य, उजवीकडे यादव, मग संस्थापक, राजधानी, सगळ्यात मोठा राजा, भाषा, शेवट कसा झाला, झाली तुलना. मी अभ्यासिकेत बसून ह्या वह्या बघतो आणि खरंच जीव तुटतो, कारण मराठवाड्याच्या ज्या मातीत बसून आपण हे लिहायलोत त्याच मातीवर ह्या दोन्ही घराण्यांनी राज्य केलंय, त्यांची देवळं आणि त्यांचे लेख एसटीने जाऊन बघता येतात, आणि आपण त्यांना दोन रकान्यांत कोंबून मोकळे होतो. म्हणून म्हणलं एकदा नीट लिहावं. उदाहरण कल्याणीचे चालुक्य आणि देवगिरीचे यादव हेच घेतो, पण हीच पद्धत बहमनी-निजामशाहीला नाहीतर निजामशाही-मोगलांनाही लावता येते.

आधी सांधा शोधा

दोन्ही घराण्यांची माहिती गोळा करायच्या आधी एकच गोष्ट बघा, सत्ता एकाकडून दुसऱ्याकडे गेली ती नेमकी कशी. बाहेरून कोणी आलं का, घरातलाच कोणी उठला का, मधे काही वर्षं गोंधळाची गेली का. हे कळल्याशिवाय पुढचं काहीच नीट लागत नाही.

आता चालुक्यांचं बघा. दुसऱ्या तैलपाने ९७३ मध्ये राष्ट्रकूटांचा कर्क राजा हटवला आणि राज्य घेतलं, पण हा तैलप कोण होता, तर राष्ट्रकूटांचाच मांडलिक. पुढं दोनशे वर्षांनी यादवांच्या पाचव्या भिल्लमाने ११८७ च्या सुमारास स्वतंत्र राज्य उभं केलं, तो कोण होता, तर चालुक्यांचा मांडलिक. म्हणजे दोन्ही वेळी जो खाली होता तोच वर आला. आणि हे यादव काही चालुक्यांच्या शेवटाला अचानक उगवलेले नाहीत, तैलपाची माळव्याच्या परमार मुंजाशी लढाई झाली तेव्हा यादवांचा दुसरा भिल्लम तैलपाच्या बाजूने लढला, पुढं तिसऱ्या भिल्लमाला चालुक्य जयसिंहाची मुलगी अवल्लदेवी दिली, आणि १०७६ मध्ये सहाव्या विक्रमादित्याने सख्ख्या भावाला, दुसऱ्या सोमेश्वराला, बाजूला सारून गादी घेतली तेव्हा यादव सेऊणचंद्र त्याच्या मदतीला होता. सोयरीक, चाकरी, लढाई सगळं एकत्र चाललेलं. दोनशे वर्षं ज्यांच्या दरबारात तुम्ही उभे राहता त्यांच्यासारखाच कारभार तुम्ही शिकता, दुसरं काय होणार.

आणि मधला एक तुकडा वहीत कोणीच लिहीत नाही. ११५७ च्या सुमारास कलचुरी बिज्जलाने कल्याणीची सत्ता बळकावली, तोही चालुक्यांचाच मांडलिक. बसवेश्वर ह्याच बिज्जलाच्या काळातले, त्याच्या कारभारात मोठ्या पदावर असलेले. नंतर चौथ्या सोमेश्वराने ११८४ च्या आसपास गादी परत मिळवली खरी, पण तोवर उत्तरेकडून यादव, दक्षिणेतून होयसळ आणि पूर्वेकडून काकतीय असे तिघं वाटणीला उभे. तर "११८७ ला चालुक्य संपले, यादव सुरू झाले" असं एका ओळीत लिहू नका, तिथं कमीत कमी तीस वर्षांची ओढाताण आहे आणि तुमच्या उत्तराचा सगळ्यात कसदार भाग तोच असतो.

ह्या सांध्यामुळं तुलनेचा पहिला प्रश्नच बदलतो बघा. "काय बदललं" हे नंतर विचारायचं, आधी विचारायचं "काय तसंच राहिलं".

मग एक धागा धरा आणि दोन्ही काळांतून ओढत न्या

एकाच वेळी कर, सैन्य, धर्म, भाषा, बांधकाम सगळं घेऊ नका, हातात काहीच राहत नाही. एक धागा घ्या, तो आधीच्या घराण्यात कुठं सुरू होतो, सांध्यावर त्याचं काय होतं आणि पुढच्या घराण्यात तो कुठं जातो एवढंच बघा. दोन-तीन धागे मी करून दाखवतो.

बिरुदांचा धागा सगळ्यात सोपा, कारण शिलालेखात ती सुरुवातीलाच असतात. चालुक्य सम्राटाचा लेख "समस्तभुवनाश्रय श्रीपृथ्वीवल्लभ महाराजाधिराज परमेश्वर परमभट्टारक" असा सुरू होतो आणि पुढं "सत्याश्रयकुलतिलक चालुक्याभरण" येतं. मांडलिकाचा असला तर "समधिगतपंचमहाशब्द महामंडलेश्वर". म्हणजे फक्त बिरुदं वाचून माणूस वरचा की खालचा ते कळतं. यादव जोवर खाली होते तोवर त्यांच्या नावापुढं हे खालचं बिरुद, आणि भिल्लम स्वतंत्र झाल्यावर त्याने काय घेतलं, तर तेच समस्तभुवनाश्रय, तेच पृथ्वीवल्लभ. शब्दसुद्धा नवीन काढले नाहीत, कारण लोकांना राजा ओळखायची सवय त्याच शब्दांची होती. स्वतःचं म्हणून त्यांनी काय ठेवलं, तर "द्वारावतीपुरवराधीश्वर", आम्ही कृष्णाच्या द्वारकेचे, आणि ध्वजावर गरुड. चालुक्यांचा वराह होता. आता ह्या एका धाग्यावरून तुम्ही लिहू शकता की नव्या घराण्याने अधिकाराची भाषा जुनीच ठेवली आणि कुळाची ओळख तेवढी वेगळी मांडली. पाच मार्कांचं उत्तर इथंच झालं.

दुसरा धागा माणसांचा, आणि हा माझा फार आवडता आहे. एखादं कुटुंब शोधा जे सांध्याच्या दोन्ही बाजूला जगलं. भास्कराचार्यांचंच घ्या. जन्म १११४ चा, म्हणजे सहाव्या विक्रमादित्याच्या अमलातला, सिद्धांतशिरोमणी ११५० चा, अजून चालुक्यच. त्यांचा मुलगा लक्ष्मीधर, त्याला यादव जैत्रपालाने आपल्या दरबारात नेलं. नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी, आणि त्याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला, त्याचा लेख पाटणला आहे, आपल्या कन्नडचा घाट उतरलं की चाळीसगावच्या अंगाला, पाटणादेवीजवळ. आजोबा एका घराण्याच्या काळात, नातू दुसऱ्याच्या पदरी, आणि गणित मात्र तेच चालू. त्या लेखात अजून एक बघण्यासारखं, वरचा भाग संस्कृत, स्तुतीचा, आणि खाली मठाला कशातून किती द्यायचं हा व्यवहाराचा भाग मराठीत. राजाची थोरवी संस्कृतात सांगितली तरी चालते, पण धान्य कोणी किती मोजायचं हे ज्याने मोजायचं त्याला कळलं पाहिजे ना.

तिथून तिसरा धागा आपोआप निघतो, भाषेचा. इथं सगळेच घसरतात. वहीत लिहिलेलं असतं "चालुक्य कानडी, यादव मराठी". इतकं सरळ नाही हो ते. चालुक्यांचे लेख कानडी आणि संस्कृत, हे खरं, आपल्या देगलूर तालुक्यातल्या होट्टलपर्यंत कानडी लेख सापडतात. पण त्याच चालुक्यांच्या काळात, शके ९४० म्हणजे १०१८ मध्ये, सोलापूरकडच्या हत्तरसंग-कुडलच्या लेखात मराठी ओळ आहे. आणि उलट बाजूने बघा, यादवांचे जे पाचशेच्या वर लेख मिळालेत त्यातले सर्वात जास्त कानडीच आहेत. मग यादवांनी मराठीसाठी काही केलं नाही का, तर केलं, पण ते हळूहळू आणि शेवटच्या साठ-सत्तर वर्षांत ठळक दिसतं. पंढरपूरचा चौऱ्याऐंशीचा शिलालेख शके ११९५ चा, म्हणजे १२७३, त्यात यादव राजा रामदेवराव आणि त्याचा कारभारी हेमाद्री यांचं नाव आहे. लीळाचरित्र त्याच सुमारातलं. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची आणि तिच्या शेवटी माउलींनी राजा रामचंद्राचं, म्हणजे ह्याच रामदेवरावाचं, नाव घेतलंय. आणि आपल्या अंबाजोगाईच्या मुकुंदराजांच्या विवेकसिंधूचं परंपरेने सांगितलं जाणारं साल शके १११०, म्हणजे ११८८, हे भिल्लमाच्या ११८७ शेजारी ठेवून बघा, अगदी सांध्यावरच बसतं. तर भाषा राजाने दिली असं लिहू नका, भाषा खालून वर येत होती आणि यादवांनी तिला दगडावर, दरबारात जागा दिली असं लिहा.

१९५६ ची रेघ डोक्यातून काढा

हे मी मुद्दाम वेगळं लिहायलोय कारण आपल्या भागातल्या पोरांची ही सगळ्यात मोठी अडचण आहे. चालुक्यांची राजधानी कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण. उमरग्याहून निघालात तर तासाभरात पोचता. लातूर, निलंगा, उदगीरच्या माणसाला कल्याणी ही देवगिरीपेक्षा कितीतरी जवळ. पण बसवकल्याण कर्नाटकात आणि देवगिरी महाराष्ट्रात, म्हणून आपल्या मनात चालुक्य "त्यांचे" आणि यादव "आपले" होऊन बसलेत. ही हद्द १९५६ च्या राज्य पुनर्रचनेतली आहे, त्याआधी बीदर, औरंगाबाद, उस्मानाबाद, नांदेड सगळं एकाच हैदराबाद संस्थानात होतं. बाराव्या शतकातल्या निलंग्याच्या शेतकऱ्याला राजधानी शेजारच्या गावासारखी होती, आणि यादव आल्यावर ती लांब देवगिरीला गेली. त्याच वेळी पैठण-वेरूळकडच्या माणसाला उलटं झालं, लांबची राजधानी दारात आली. म्हणजे एकाच मराठवाड्यात ह्या बदलाचा अनुभव दोन टोकांना दोन तऱ्हेचा. नकाशा उघडा, मोबाईलवर चालतो, हद्दी बंद करून फक्त नद्या आणि डोंगर दिसतील असा ठेवा, मांजरा आणि गोदावरी बघा, मग कल्याणी आणि देवगिरीवर बोट ठेवा. माझ्यासमोर जेवढ्यांनी हे केलं त्या सगळ्यांचं उत्तर दुसऱ्या दिवशी वेगळं झालं.

राजधानीच्या जागेवरून राज्याचं दुखणं पण कळतं. चालुक्यांची आधीची राजधानी राष्ट्रकूटांचीच मान्यखेट, पहिल्या सोमेश्वराने ती कल्याणीला आणली, म्हणजे कानडी, मराठी, तेलुगू तिन्ही मुलखांच्या मधोमध. त्यांची मोठी भांडणं चोळांशी, वेंगीवरून, म्हणजे आंध्रातल्या कृष्णा-गोदावरीमधल्या मुलखावरून. यादव सिन्नरकडून देवगिरीला आले, डोंगरावर बसले, कारण त्यांना एका बाजूला माळवा-गुजरात, दुसरीकडे काकतीय आणि दक्षिणेत होयसळ असं चारी अंगांनी बघायचं होतं. सिंघणाच्या काळात, साधारण १२१० ते १२४६, राज्य सगळ्यात पसरलं, कोल्हापूरकडचा शिलाहार भोजही त्यानेच संपवला.

दगडाजवळ जा

नुसती पुस्तकं वाचून तुलना सुकी होते. अंबाजोगाईला जा. सिंघणाचा सेनापती खोलेश्वर तिथला. बाराखांबी म्हणजे सकलेश्वराचं मंदिर, त्यातला लेख शके ११५० चा. शके सालात ७८ मिळवा, १२२८ येतं, पौषानंतरचे महिने असले तर ७९ धरायचे. दुसऱ्या एका लेखात खोलेश्वराच्या घरचंच दुःख आहे. त्याचा मुलगा राम गुजरातच्या मोहिमेत पडला आणि रामाची बहीण लक्ष्मी हिने भावाच्या आठवणीत रामनारायणाचं देऊळ बांधलं, शके ११६२, १२४०. मी तो लेख पहिल्यांदा समजून घेतला तेव्हा कितीतरी वेळ तिथंच बसलो होतो. "सिंघणाने गुजरातवर स्वाऱ्या केल्या" हे वाक्य आपण पाठ करतो, आणि त्या स्वारीचा एक हिशोब इथं आपल्या अंबाजोगाईत एका बहिणीने दगडात लिहून ठेवलाय.

मग लगेच तुलनेचा प्रश्न विचारा, की चालुक्यांच्या काळात राजघराण्याशी जोडलेल्या बाया लेखांत कशा दिसतात. तिथं जयसिंहाची बहीण अक्कादेवी सापडते, ती किसुकाडू-७० नावाच्या भागाचा कारभार बघायची आणि गोकाकच्या किल्ल्याला तिने स्वतः वेढा घातला होता. एकीकडे मुलूख चालवणारी, दुसरीकडे देऊळ बांधून दान देणारी. दोनच उदाहरणांवरून "यादवांच्या काळात बायकांचा अधिकार कमी झाला" असा निष्कर्ष मात्र काढू नका, एक राजाची बहीण आहे आणि दुसरी सेनापतीची मुलगी, सारख्याची सारख्याशी तुलना होऊ द्या. किसुकाडू-७० मधला तो आकडा पण लक्षात ठेवा, चालुक्यांच्या लेखांत मुलखाच्या नावापुढं असे आकडे असतात, बनवासी-१२०००, बेळवोला-३००, आणि कारभाराची मोठी-लहान वाटणी त्यावरून कळते.

काळ ओळखायची एक खूण सांगतो. लेखात "चालुक्य विक्रम वर्ष" असलं तर ते सहाव्या विक्रमादित्याने १०७६ ला सुरू केलेलं साल, त्यात १०७५ मिळवा. नुसतं शके आणि राजाचं राज्यवर्ष असलं तर चालुक्य पण असू शकतात, यादव पण, मग बिरुदं बघा.

तीन ठिकाणी पाय घसरतो

पहिलं म्हणजे हेमाडपंती. काळ्या दगडाचं, चुना न वापरता रचलेलं जुनं देऊळ दिसलं की आपण म्हणतो हेमाडपंती, म्हणजे यादवांचं. हेमाद्री हा महादेव आणि रामचंद्र ह्या यादव राजांचा श्रीकरणाधिप, म्हणजे राज्याच्या दफ्तराचा प्रमुख, १२६० नंतरचा माणूस. निलंग्याचं नीळकंठेश्वर, होट्टलचं सिद्धेश्वर ही चालुक्यांच्या काळातली मानली जातात, हेमाद्रीच्या आधीची. ही रचना आधीपासून चालत आली होती, त्याच्या नावाने नंतर ओळखली गेली. तुम्ही बोली भाषेत हेमाडपंती म्हणा, काही बिघडत नाही, पण तुलनेत पुरावा म्हणून तो शब्द वापरू नका, नाहीतर चालुक्यांचं अर्धं बांधकाम यादवांच्या खात्यात जातं.

दुसरं, दरबारी लेखक. बिल्हण काश्मीरहून आला आणि विक्रमादित्याचं चरित्र लिहिलं, त्यात भावाला गादीवरून काढणं ही जणू शंकराची आज्ञा. हेमाद्रीने यादवांची वंशावळ लिहिली, तो त्यांचाच अधिकारी. रामचंद्रानेही १२७१ मध्ये चुलतभाऊ अम्मणला हटवूनच गादी घेतली होती. तर दोन्हीकडे घरातली भांडणं सारखीच आहेत, ज्याच्याकडे चांगला कवी त्याची भांडणं धर्मकार्य झाली. लीळाचरित्रात यादवांच्या काळातलं गावगाड्यातलं जगणं इतकं बारीक दिसतं, की चालुक्यांची बाजू आपोआप फिकी वाटायला लागते. तो फरक राज्यातला नाही, साधनातला आहे. म्हणून लेखाशी लेख, ग्रंथाशी ग्रंथ असंच लावा. ग्रंथच घ्यायचे तर कल्याणीच्या दरबारातलं काय आहे बघा, विज्ञानेश्वराची मिताक्षरा, वडिलोपार्जित जमिनीवर मुलाचा जन्मापासून हक्क हे जे आपण आजही तलाठ्यासमोर भांडतो त्याचं मूळ तिथं. तिसऱ्या सोमेश्वराचा मानसोल्लास, शंभर अध्यायांचा, त्यात राजनीती आहे तशी मांडे आणि पोळ्यांची कृती पण आहे. आणि देवगिरीकडे हेमाद्रीचा चतुर्वर्गचिंतामणी, व्रतं आणि दानं यांचा, आणि शार्ङ्गदेवाचा संगीतरत्नाकर. हा शार्ङ्गदेव पण सिंघणाच्या हिशोब खात्यातला अधिकारी. कारभारी माणसं ग्रंथ लिहितात ही गोष्ट देवगिरीला दोनदा दिसते, हा धागा कोणीतरी मन लावून धरायला पाहिजे.

तिसरं, शेवटाच्या गोष्टी. १२९६ ला अलाउद्दीन खिलजी देवगिरीवर आला, तेव्हा किल्ल्यात साठवलेल्या पोत्यांत धान्याऐवजी मीठ निघालं ही गोष्ट सगळ्यांना पाठ असते. ती लिहिलीय खूप नंतर. त्यापेक्षा हे लिहा, की मुख्य फौज रामदेवरावाचा मुलगा शंकरदेव याच्याबरोबर बाहेर होती आणि राजधानी उघडी पडली. चालुक्य त्यांच्याच मांडलिकांनी आतून पोखरले, यादवांवर वार बाहेरून आला. पुढं रामदेवराव दिल्लीचा मांडलिक झाला, शंकरदेव आणि रामदेवरावाचा जावई हरपाळदेव उलटले आणि मारले गेले, १३१७ च्या सुमारास सगळं संपलं. जी मांडलिकी यादवांनी दोनशे वर्षं केली होती ती दिल्लीशी मात्र जमली नाही, असं का झालं असेल ह्यावर दोन ओळी तुमच्या स्वतःच्या डोक्याने लिहा.

गावातला दगड सापडला तर

बऱ्याच गावांत मारुतीच्या पारावर नाहीतर बारवेजवळ उभा दगड असतो, वर चंद्र-सूर्य, कधी मधे शिवलिंग, बाजूला गाय-वासरू, खाली अक्षरं. हे दानाचे लेख. चंद्र-सूर्य आहेत तोवर हे दान चालावं असा त्याचा अर्थ, आणि ही खूण दोन्ही घराण्यांच्या काळात सापडते. राजा बदलला तरी देवळाला, मठाला दिलेली जमीन चालू ठेवायची असा संकेत होता, तर तुमच्या गावच्या दगडावर आधी कोणी दिलं आणि नंतर कोणी ते कायम केलं असं सापडतंय का हे आधी बघायचं.

फोटो दुपारी काढू नका, सगळं सपाट दिसतं. सकाळी लवकर नाहीतर दिवस मावळताना, ऊन तिरपं पडलं की अक्षरं उठून येतात. रात्री टॉर्च बाजूने धरला तरी चालतं. खडू फिरवायचा नाही, तेल ओतायचं नाही, आणि गावकरी ऑइलपेंट लावायला निघाले असतील तर हात जोडून थांबवा, समजावून सांगितलं की ऐकतात. चारी बाजूंचे फोटो, शेजारी पट्टी ठेवून एक, जागेचं नाव, शिवार, तारीख असं एका फोल्डरमध्ये ठेवा. अक्षर कानडी की देवनागरी एवढं तुम्हालाही ओळखू येतं, गोल वळणाचं आणि शिरोरेघ सलग नसली तर बहुतेक कानडी. मग ते फोटो विद्यापीठातल्या इतिहास विभागात लेख वाचणाऱ्या माणसाकडे घेऊन जा, आणि जाताना गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला सोबत घ्या, त्या जमिनीला आज काय म्हणतात ते त्यालाच माहीत असतं.